पाळत आणि माणसाचे खासगीपण : नगरच्या किल्ल्यापासून हातातल्या मोबाइलपर्यंत

"ज्याने काही वाईट केलेले नाही, त्याच्याकडे कोणी पाहिले तर बिघडले कुठे?" हा प्रश्न हल्ली वर्गात विद्यार्थी विचारतात आणि पालकसभेत पालकही विचारतात. चौकाचौकांत कॅमेरे बसले आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, रेशनपासून बँकेपर्यंत सर्वत्र अंगठा लावावा लागतो. या सगळ्याची सवय होऊन गेल्यामुळे वरील प्रश्न अगदी रास्त वाटतो. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. पाळत ही गोष्ट नवी नाही. ती कोणी ठेवली, कोणावर ठेवली आणि तिचा परिणाम काय झाला याचे दाखले आपल्याच जिल्ह्यात आणि आपल्याच राज्यात आहेत. त्यांतील काही दाखले विद्यार्थी व पालक यांच्यासमोर ठेवावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हेर आणि घराचा उंबरठा

राज्य म्हटले की हेर आलेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांची सविस्तर व्यवस्था सांगितलेली आहे. शिवछत्रपतींच्या हेरखात्यातील बहिर्जी नाईक यांचे नाव तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि पुढे पेशवे, सर्वांच्या पदरी जासूद होते. परंतु त्या काळच्या हेरगिरीला स्वाभाविक मर्यादा होती. एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शके, त्याला पगार द्यावा लागे आणि त्याने पाहिलेले पुष्कळसे काही काळाने विसरले जाई. त्यामुळे शत्रूच्या छावणीवर आणि दरबारातील मोठ्या असामींवर नजर असे. सामान्य कुणब्याच्या किंवा विणकराच्या घरात काय बोलले जाते, हे कळण्याचे साधन राजाजवळ नव्हते.

साधन असले तरी ते वापरावे काय, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचा विचारही जुनाच आहे. कुरआन शरीफच्या सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:१२) एकमेकांची टेहळणी करण्यास मनाई केलेली आहे आणि सूरह अन्-नूरमध्ये (२४:२७) दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून शिरू नये, अशी आज्ञा आहे. या संदर्भात हजरत उमर (रजि.) यांची एक कथा परंपरेने सांगितली जाते. खलिफा रात्री मदिनेत गस्त घालीत असता एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत ओलांडून आत गेले आणि घरमालकाला दटावू लागले. तो म्हणाला, माझ्या हातून एक अपराध झाला असेल, पण आपल्या हातून तीन झाले. आपण टेहळणी केली, दारातून न येता भिंतीवरून आलात आणि परवानगी घेतली नाही. खलिफा निरुत्तर झाले आणि त्याला तसेच सोडून परत गेले. त्या माणसाने आपल्यावर नजर ठेवणाऱ्याला तोंडावर जाब विचारला आणि त्या काळच्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला तो मान्य करावा लागला. जाब विचारण्याचा हा मुद्दा पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावा.

किल्ल्यातील न पाठवलेली पत्रे

आता आपल्या नगरच्या किल्ल्याकडे येऊ. हुसेन निजामशहाच्या काळात दगडी तटबंदी झालेला हा भुईकोट १२ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने जिंकला आणि पुढे इंग्रजांनी त्याचा उपयोग बंदिवासासाठीही केला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच नेत्यांना अटक झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना नगरच्या किल्ल्यात आणले गेले. मौलाना अबुल कलाम आझाद हे त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्यासमवेत जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, आसफ अली, डॉ. सय्यद महमूद, आपल्या महाराष्ट्रातील शंकरराव देव आदी मंडळी होती. त्यांना कोठे ठेवले आहे, हे सरकारने सुरुवातीला जाहीर केले नाही. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. पुढे कुटुंबीयांशी पत्रव्यवहार करता येऊ लागला, तोही सरकारी तपासणीतूनच.

पंडित नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला, हे सर्वांना माहीत आहे. मौलाना आझादांच्या लेखनाची हकीकत मात्र आपल्या मुलांना फारशी ठाऊक नसते. मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतः चहा करीत आणि लिहावयास बसत. आपले स्नेही मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना ते पत्रे लिहीत. त्या पत्रांत चहाचा विषय आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांची गोष्ट आहे, धर्म, तत्त्वज्ञान आणि संगीत आहे. पण ही पत्रे टपालात पडली नाहीत. मनमोकळे पत्र बाहेर पाठवण्याची सोय नव्हती, म्हणून ती लिहून जवळच ठेवली गेली. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती 'गुबारे खातिर' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्यातील एक श्रेष्ठ कृती म्हणून मान्यता पावली.

याच बंदिवासात मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी पडल्या. आजार बळावल्याच्या वार्ता किल्ल्यात पोहोचल्या. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती तत्काळ पुढे पाठवू, असे तेथील अधिकाऱ्याने सुचवले. सरकारकडे आपल्याला काहीही मागावयाचे नाही, असे मौलानांनी कळवले. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगमसाहिबांचे निधन झाले. पतिपत्नींची अखेरची भेट झाली नाही. त्या दिवसांत मनातील घालमेल चेहऱ्यावर दिसू नये म्हणून किती प्रयास पडले, हे मौलानांनी त्या पत्रांत लिहून ठेवले आहे.

आझाद आणि नेहरू हे धीराचे पुरुष होते, म्हणून त्यांच्या हातून तेथेही ग्रंथरचना झाली. परंतु आपले पत्र परका माणूस वाचणार आहे हे ठाऊक असलेला सामान्य मनुष्य काय करतो? तो चार ओळी कमी लिहितो. आजार लपवतो, कर्ज लपवतो, राग लपवतो. काही वेळा पत्रच लिहीत नाही. तपासणाऱ्याने पाकीट उघडण्यापूर्वीच मजकुरातील खरा भाग नाहीसा झालेला असतो. पाळतीचे पहिले नुकसान ते हेच. यात गुन्ह्याचा काहीही संबंध नाही. मनातले बोलण्यासाठी माणसाला बंद दार लागते, मग तो साधू असो वा चोर.

त्या काळच्या तपासणीत निदान एक गोष्ट उघड होती. महायुद्धाच्या दिवसांत सेन्सॉरने उघडलेल्या पाकिटावर तसा शिक्का किंवा चिठ्ठी असे. आपले पत्र दुसऱ्याने वाचले आहे, हे पत्र घेणाऱ्याला कळत असे.

अंगठ्याचा ठसा आणि हजेरी

पाळतीचा दुसरा दाखला पुढाऱ्यांचा नाही, गरिबांचा आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू होऊ शकला. या कायद्याने एखाद्या माणसाने गुन्हा केला की नाही, हे पाहण्याची आवश्यकताच उरली नाही. अमुक जमातीत जन्म झाला एवढे पुरेसे होते. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठराविक वेळी हजेरी लावायची, गाव सोडताना कळवायचे. काही कुटुंबांना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवण्यात आले. सोलापूरची अशी 'सेटलमेंट' प्रसिद्ध आहे. आपल्या महाराष्ट्रातील कैकाडी, कंजारभाट, पारधी, तसेच मुस्लिम समाजातील छप्परबंद अशा अनेक जमातींनी हा कलंक सोसला.

बोटांच्या ठशांची शास्त्रीय पद्धत भारतातच वाढली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने बंगालमध्ये एका ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत जगात एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाते. परंतु तिच्या गणिती मांडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे बुद्धिवैभव वादातीत आहे. तथापि त्याच साधनाचा उपयोग एकीकडे खरा गुन्हेगार ओळखण्यासाठी झाला आणि दुसरीकडे निरपराध जमातींना वहीत डांबून ठेवण्यासाठी झाला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून विमुक्त समाज ३१ ऑगस्ट हा मुक्तिदिन पाळतो. कायदा गेला, वही मात्र लोकांच्या मनातून गेली नाही. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या आपल्या तालुक्यांत पारधी समाज राहतो. गावात चोरी झाली की पहिला संशय कोणावर जातो, हे येथील कोणालाही विचारावे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मचरित्र १९८७ मध्ये, म्हणजे कायदा रद्द झाल्यानंतर पस्तीस वर्षांनी आले आणि तरीही त्यात पोलिसांच्या संशयाखाली जगणाऱ्या कुटुंबाचीच कहाणी आहे. आजोबांची नोंद नातवाचा पाठलाग करते, हा या नोंदवहीचा धडा आहे.

यादी कोणाच्या हाती पडेल?

नोंद करणारा सज्जन असला तर काय बिघडते, असेही कोणी म्हणेल. त्याचे उत्तर हॉलंडच्या इतिहासात मिळते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्या देशात नागरिकांची नोंद अत्यंत व्यवस्थित ठेवली जाई. तीत धर्मही लिहिलेला असे. ही नोंद लोकांच्या सोयीसाठी होती, कोणाला त्रास देण्यासाठी नव्हती. पण १९४० मध्ये जर्मनांनी देश व्यापला आणि तयार नोंदवह्या त्यांच्या हाती पडल्या. ज्यू कुटुंबांना शोधणे त्यामुळे सोपे झाले. त्या देशातील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतील काही तरुणांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली. त्या वहीतील नावे वाचली जाऊ नयेत म्हणून त्यांनी जीव पणाला लावला आणि त्यांच्यापैकी अनेकांना पुढे गोळ्या घालण्यात आल्या. मौलाना आझाद नगरच्या किल्ल्यात पत्नीच्या आजाराच्या वार्तेने व्याकूळ होते, ते हेच दिवस. माहिती गोळा करणारे हात आणि ती उद्या वापरणारे हात एकच असतील, याची हमी कोणीही देऊ शकत नाही, एवढे या घटनेवरून समजते.

स्वातंत्र्यानंतरचा झगडा

स्वातंत्र्य मिळाले तरी इंग्रजांचे पुष्कळ कायदे चालूच राहिले. तारा व टेलिफोन यांसाठी १८८५ चा आणि टपालासाठी १८९८ चा कायदा होता. दोहोंत सरकारला नागरिकांचे संदेश अडवण्याचा अधिकार होता.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांचा खटला आला. दरोड्याच्या आरोपातून ते पुराव्याअभावी सुटले होते. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची पाळतवही उघडली आणि रात्री-अपरात्री त्यांच्या दारावर थापा पडू लागल्या. रात्रीच्या या भेटी न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. मात्र खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे म्हणण्यास बहुसंख्य न्यायमूर्ती तयार झाले नाहीत.

१९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक संमत केले. पत्रे उघडण्याचे सरकारचे अधिकार त्यामुळे वाढणार होते. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. तो कायदा शेवटपर्यंत अमलात आला नाही. आपल्या राष्ट्रपतींनी एका साध्या पोस्टाच्या पाकिटासाठी लेखणी थांबवली, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या तासाला अवश्य सांगावी.

१८ डिसेंबर १९९६ रोजी टेलिफोन चोरून ऐकण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरकारला असा अधिकार आपत्कालीन किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठीच वापरता येईल, हुकूम गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच काढावा, त्याला मुदत असावी आणि समितीने त्याची तपासणी करावी, असे नियम घालून देण्यात आले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने जाहीर केले की, खासगीपण हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. हा दावा कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी उतारवयात दाखल केला होता. सरकारला या हक्कात हात घालावयाचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, या कसोट्या त्या निकालाने ठरल्या.

या कसोट्या कागदावरच राहिल्या नाहीत. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि मिळवलेली ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. आरोप लाचेचा होता, तो गंभीरच. परंतु सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण नसता फोन ऐकता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. गुन्हा शोधतानाही भिंतीवरून उडी मारता येत नाही, दारातूनच यावे लागते.

आजची साधने

आता सद्यःस्थिती पाहू. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र आणि छायाचित्र असा त्याचा नमुना. पुढे देशातील बहुतेक सर्व नागरिकांची अशी नोंद झाली. पूर्वी संशयितांचे ठसे घेतले जात, आता सर्वांचेच घेतले जातात. २०२२ च्या कायद्याने १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा बदलला. अटक झालेल्यांच्या बुबुळांची मोजमापे व जैविक नमुनेही आता घेता येतात आणि ती नोंद ७५ वर्षे जपून ठेवता येते. १८८५ आणि १८९८ च्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवे कायदे झाले, पण संदेश अडवण्याचे अधिकार त्यांतही आहेत.

जुलै २०२१ मध्ये 'पेगासस' हे नाव जगभर गाजले. इस्रायलमधील एका कंपनीने तयार केलेले हे हेरगिरीचे साधन मालकाच्या नकळत मोबाइलमध्ये शिरते. मग संदेश, छायाचित्रे, इतकेच काय पण माइक आणि कॅमेराही परक्याच्या ताब्यात जातो. ही कंपनी आपण केवळ सरकारांनाच हे विकतो, असे सांगते. आपल्या देशातही पत्रकार, वकील, राजकीय पुढारी यांच्या फोनवर त्याचा वापर झाल्याचे आरोप झाले. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक प्रणाली सापडली, पण ती पेगाससच होती असे निश्चित सांगता आले नाही. तपासात सरकारचे सहकार्य मिळाले नाही, असेही समितीने कळवल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले.

या साधनांचे लाभही आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांचे जाळे उभारले गेले. कॅमेऱ्यामुळे हरवलेले मूल सापडते, अपघात करून पळालेली गाडी सापडते, मुलींना रस्त्याने जाताना आधार वाटतो. निरपराध माणूस केवळ संशयावरून पकडला गेला तर हेच चित्रण त्याच्या सुटकेचा पुरावाही होऊ शकते. म्हणून साधनाला शिव्या देऊन भागत नाही. पूर्वीच्या आणि आजच्या पाळतीतील फरक मात्र समजून घेतला पाहिजे. पूर्वी माणूस माणसाला पाहत असे, आज यंत्र सर्वांना एकाच वेळी पाहते. पूर्वी पाकिटावर शिक्का दिसत असे, आज उघडलेल्या संदेशावर कसलीही खूण नसते. पूर्वीची नोंद वाळवीने खाल्ली जाई, आजची नोंद क्षणात हजार ठिकाणी पोहोचते आणि पुसली जात नाही. शिवाय नोंद ठेवणारे सरकार एकटे राहिलेले नाही. आपण काय खरेदी करतो, कोठे जातो, रात्री किती वाजता जागे असतो, हे खासगी कंपन्यांनाही कळते आणि ते आपणच त्यांना सांगतो.

आपली मुले आणि आपली संमती

हा विषय न्यायालयापुरता नाही. तो आपल्या शाळेच्या दारापर्यंत आला आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात विद्यार्थ्यांची माहिती 'सरल' या संगणकीय प्रणालीत भरली जाऊ लागली. त्यानंतर 'अपार' हा विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक आला. आम्ही शिक्षक ही माहिती भरतो. शिष्यवृत्ती, प्रमाणपत्रे, शाळाबदल यांसाठी तिचा उपयोग होतो, हे खरे आहे. परंतु 'अपार'साठी पालकांची संमती लागते. ते संमतीपत्र वाचून, समजून सही करावयाचे असते. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, मुलाच्या आधार नोंदणीस पालकांची संमती हवी आणि सज्ञान झाल्यावर त्या मुलाला त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग हवा. हे किती पालकांना ठाऊक आहे?

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी आणि काही अपवाद वगळता मुलांच्या वागण्याचा माग काढू नये, अशी तरतूद त्यात आहे. तथापि सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळण्याचा अधिकारही त्यातच आहे. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या तरतुदीत बदल केला. खासगीपणाच्या नावाखाली सार्वजनिक कारभारच झाकला जाईल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांनी व्यक्त केली आहे.

या ठिकाणी पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे. राज्याचा तो कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. आपल्या जिल्ह्याने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. किल्ल्यात सरकार नागरिकांची पत्रे वाचीत होते आणि राळेगणातून नागरिक सरकारची कागदपत्रे वाचण्याचा हक्क मागत होते. लोकशाहीत सरकारची वही उघडी असावी आणि नागरिकाचे पाकीट बंद असावे. यात उलटापालट झाली की हक्क धोक्यात आले असे समजावे.

पालकांना एक विनंती. आपल्या मुलामुलींच्या मोबाइलवर लक्ष ठेवणे आवश्यक आहे, कारण फसवणूक करणारे पुष्कळ आहेत. पण लक्ष ठेवणे आणि चोरून वाचणे यांत अंतर आहे. मुलीला सांगून, तिच्याशी बोलून नियम ठरवावेत. घरातच ज्याचे पाकीट चोरून फोडले जाते, त्याला बाहेर आपला हक्क मागण्याचे बळ येणार नाही. विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे की दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचा संदेश त्याला न विचारता पुढे पाठवणे ही पाळतच आहे. ती आपण एकमेकांवर ठेवतो, एवढाच फरक.

आता लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. ज्याने काही केले नाही त्याला भीती कसली? पारध्याच्या नवजात बाळाने काही केले नव्हते. ॲमस्टरडॅमच्या वहीतील कुटुंबांनीही काही केले नव्हते. झुलेखा बेगमनी काही केले नव्हते. तेव्हा प्रश्न वेगळा विचारावा लागेल. कोण पाहतो आहे, कोणत्या कायद्याने पाहतो आहे, किती दिवस नोंद ठेवणार आहे आणि चूक झाली तर जाब कोणाकडे मागायचा? ही चार उत्तरे मिळत असतील तर सही करण्यास हरकत नाही. ती मिळत नसतील तर सही करण्यापूर्वी विचारावे, लेखी विचारावे आणि आपल्या मुलांनाही विचारावयास शिकवावे. शिक्षण घेण्याचा एक उपयोग हाही आहे.